ओल्या कापसावरचा लाल डाग

देवराव गजभिये एकसष्ट साली नागपूरच्या सदर भागातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून लागले. बैलाचे पाय बांधायचे, जखमा धुवायच्या, सुया उकळायच्या आणि डॉक्टर तपासत असताना जनावर धरून ठेवायचं, हे त्यांचं काम. शिक्षण सातवीपर्यंत. घरी पार्वतीबाई आणि दोन मुली. दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असे. कुत्री आठवड्यातून दोन-चार यायची.

पहिली काही वर्षं तिथे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांना शिकवायची हौस. देवराव कुत्रं धरून उभे असले की ते त्यांनाही वाकून पाहायला लावत. खाज सगळ्यांची सारखीच दिसते, म्हणत, पण जागा वेगळी असते. खरूज असली तर आधी कानाच्या कडा आणि कोपरं सोलवटतात, शिवाय घरातल्या माणसांचे हातही खाजू लागतात. गोचीड कानात आणि बोटांच्या बेचक्यात दडते. पिसवा असल्या तर कुत्रं शेपटीच्या मुळाशी स्वतःला कुरतडतं. "आधी जागा पाहा, मग औषध," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी तरुण साहेब आले. हुशार होते, मेहनती होते. पण दिवसाला साठ-सत्तर जनावरं एकट्याने पाहायची, त्यात पट्टीबंधकाला काय वाटतं हे विचारायला कोणाला सवड होती? देवराव गुमान जनावरं धरत राहिले.

बाहत्तर साली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी, शोभाताई नावाच्या एक बाई कुत्रा घेऊन आल्या. गांधीबागेकडच्या एका प्राथमिक शाळेत त्या शिकवायच्या. कुत्र्याचं नाव चेंडू. रंग तांबूस, कान उभे, आणि कमरेपासून शेपटीपर्यंतची कातडी लालभडक, उघडी. दोन महिन्यांत ते तीनदा येऊन गेलं होतं. साहेबांनी खरजेचं मलम दिलं, मग दुसरं दिलं, गुण आला नाही. आज शोभाताईंच्या हातात साहेबांची चिठ्ठी होती. साहेब खेड्यावर अडलेली म्हैस पाहायला गेले होते, ते चारला परतणार होते आणि मग चेंडूला कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं.

देवरावांनी चिठ्ठी वाचली, तीत त्यांना इंजेक्शन भरून ठेवायला सांगितलं होतं. त्यांनी कुत्र्याला टेबलावर घेतलं. ते थरथरत नव्हतं, चावायलाही धावत नव्हतं. फक्त मान वळवून शेपटीच्या मुळाशी दात लावत होतं. देवरावांचं लक्ष कानांकडे गेलं. कान स्वच्छ होते. कोपरं पाहिली, तीही ठीक होती.

साहेबांची चिठ्ठी हातात असताना मध्ये बोलणं आपलं काम नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी राहवेना.

"बाई, घरी कोणाचे हात खाजून राहिले काय?"

नाही, शोभाताई म्हणाल्या. कुत्रं दिवसभर वडिलांच्या पायाशी असतं, पण अंगावर कोणाच्या काही उठलं नाही.

"मग याले खरूज नसन. मले पाच मिनिटं द्या."

त्यांनी बारीक दातांची फणी आणली आणि शेपटीच्या वरचे उरलेले केस विंचरले. फणीत काळी कणी आली, मातीसारखी. शोभाताई ओशाळल्या. दर रविवारी अंघोळ घालते, म्हणाल्या, मळ राहिला असेल. देवरावांनी कापसाचा बोळा पाण्यात भिजवला, ती कणी त्यावर झटकली आणि बोळा त्यांच्यासमोर धरला. क्षणभर काही झालं नाही. मग एकेका कणाभोवती लाल डाग पसरू लागला.

"मळ असता तर काळाच राहिला असता," देवराव म्हणाले. "हे रगत आहे. पिसू रगत पेते आन् हे टाकते."

पण पिसू तर कधी दिसली नाही, शोभाताईंना पटेना. देवरावांनी समजावलं, की कुत्रं कुरतडताना पिसवा गिळून टाकतं, म्हणून त्या दिसत नाहीत. पण त्यांची अंडी गळून जमिनीच्या भेगांत, अंथरुणात पडतात आणि तिथून नव्या चढतात. आणि काही कुत्र्यांना एकेक चावा सोसत नाही, दोन पिसवांनी दहा दिवस आग होते. अंघोळ घालून काय उपयोग, पिसवा वाढतात ती जागा सापडली पाहिजे.

शोभाताई तिथेच बाकावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मग हळूहळू सगळं सांगितलं. वडील वामनराव पोस्टात होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, डावी बाजू गेली. तेव्हापासून माणसांचं ते ऐकत नसत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तरी उठत नसत. पण चेंडू साखळी तोंडात धरून समोर येऊन बसला की काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जात. चेंडू आजारी पडल्यापासून तेही थांबलं होतं. आता घरमालक भैय्याजी म्हणत होते की खरूज पोरांना लागेल, दसऱ्यापर्यंत कुत्रं हलवा नाहीतर खोली सोडा.

चार वाजता साहेब आले तेव्हा देवराव त्यांच्यापुढे बोळा घेऊन उभे राहिले. इंजेक्शन भरलं नव्हतं. हुकूम मोडला होता. तरी त्यांनी सगळं सांगितलं आणि एक दिवसाची मुदत मागितली. साहेबांनी बोळा उजेडाकडे नेला, फणी मागितली, स्वतः पुन्हा विंचरून पाहिलं. मग चिठ्ठी फाडली आणि म्हणाले, "तुम्ही त्यांच्या घरी जाऊन जागा शोधा. मला उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी दसरा, धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, दीक्षाभूमीवर जायचं होतं. गावाहून पाहुणे उतरले होते, पार्वतीबाईंनी पांढरं लुगडं धुऊन वाळत घातलं होतं. देवराव घरी निरोप धाडून संध्याकाळी तसेच गांधीबागेत गेले.

खोली लखलखीत होती. त्यांनी भिंतीच्या कडा पाहिल्या, खाट हलवली. मग खाटेवर टेकलेल्या वामनरावांचं धोतर परवानगी मागून जरा वर केलं. डाव्या घोट्यावर, निर्जीव पायावर, बारीक लाल ठिपक्यांची रांग होती. काही ठिपके चिघळले होते. त्या माणसाला बोलता येत नव्हतं, खाली वाकून खाजवताही येत नव्हतं. दोन महिने ते आणि कुत्रा एकच दुखणं सोसत होते, आणि एकाचंही कोणाला कळलं नव्हतं. शोभाताई पायाशी खाली बसल्या. वामनराव देवरावांकडे पाहत राहिले आणि त्यांनी उजव्या हाताने त्यांचं मनगट जे धरलं ते सोडेनात.

खाटेमागच्या भिंतीत एक जुनं दार होतं, कायम बंद, आणि त्याच्या फटीत तीच काळी कणी साचली होती. पलीकडे भैय्याजींची कापडाच्या गाठींची कोठी. देवरावांनी भैय्याजींना बोलावून कुलूप काढायला लावलं. आत तरटाच्या ढिगावर एक मांजर चार पिल्लांना घेऊन पसरली होती. भैय्याजी दोन पावलं आत गेले आणि लगेच पायजमा झटकत बाहेर आले. पांढऱ्या कापडावर काळे ठिपके उड्या मारत होते.

ते उंबऱ्यावरच मागे वळले. मग शोभाताईंना म्हणाले, "बाई, बीमारी मेरेच घरात होती. मी तुमाले घर सोडाले सांगून राहिलो होतो." आणि नोकराला न बोलावता त्यांनी स्वतः तरट बाहेर ओढायला सुरुवात केली.

मांजर आणि पिल्लं फणीने साफ करून टोपलीत गच्चीवर गेली. तरटं जाळली, अंथरुणं उकळून उन्हात टाकली. साहेबांनी दिलेली पावडर देवरावांनी फक्त भेगांत भरली; चेंडूच्या अंगाला लावायची नाही, चाटेल, हे दोनदा बजावलं. दाराच्या फटीही चुन्याने लिंपल्या. महिनाभरात चेंडूच्या पाठीवर तांबूस लव उगवली आणि वामनराव पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले.

साहेबांनी त्यानंतर नियमच केला: खाजणारं कुत्रं आलं की आधी देवरावांनी विचारपूस करायची, फणी फिरवायची, मग साहेब पाहणार. एकदा त्यांनी कॉलेजच्या पोरांसमोर ओल्या कापसाची परीक्षा देवरावांकडून करवून घेतली आणि हे मी यांच्याकडून शिकलो, असं सरळ सांगितलं. देवराव त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. पार्वतीबाईंनी काहून म्हणून विचारलं, तर म्हणाले, पोट भरलं आहे.

शोभाताईंना मात्र एवढ्यावर भागवायचं नव्हतं. कंपाउंडर व्हायला मॅट्रिक लागते हे कळल्यावर त्यांनी देवरावांना दर रविवारी सकाळी बोलावलं. छत्तिसाव्या वर्षी इंग्रजीचं पुस्तक हातात धरायची त्यांना लाज वाटे. वामनराव खाटेवर बसून ऐकत आणि स्पेलिंग चुकलं की काठी जमिनीवर आपटत. देवराव गणितात एकदा नापास झाले, तेव्हा यापुढे शिकायला येत नाही म्हणून सांगायला गेले. शोभाताईंनी ऐकून घेतलं आणि पाटी पुढे केली.

शहात्तर साली ते मॅट्रिक पास झाले. निकाल हातात आल्यावर ते पार्वतीबाईंना आणि मुलींना घेऊन गांधीबागेत गेले. शोभाताईंनी एकेका विषयाचे गुण वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. देवरावांना काही तरी बोलायचं होतं, घरून ठरवून आले होते, पण ते निकालाच्या कागदाची घडी घालत राहिले. शेवटी पार्वतीबाईच म्हणाल्या, "बाई, यायले तुमी माणसांत बसवलं."

"मी नाही," शोभाताई म्हणाल्या. "त्या दिवशी यांनी विचारलं नसतं, तर माझ्या घरात आज कोणीच चाललं नसतं."

वामनरावांनी खाटेवर आपल्या शेजारी हात आपटला. देवराव तिथे बसले. शोभाताई चहा ठेवायला आत गेल्या, मुली चेंडूशी खेळू लागल्या, आणि देवराव बराच वेळ त्या म्हाताऱ्या हाताखाली आपला हात तसाच ठेवून बसून राहिले.