एल्डमार राजपुत्राचा गुरुवारी दुपारी झालेला अधःपात

व्हर्लिन टॉलेफसनने जन्मात कोणाला दुखावलं नाही, आणि त्यामुळे आम्ही सगळे त्याला वैतागलो होतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी दुष्ट म्हणायला नको.

चौतीस वर्षं तो काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक चालवत होता. विस्कॉन्सिनात ज्याने एक हिवाळा काढला त्याला ठाऊक असतं, की हा ट्रक रस्ता साफ करतो आणि सगळा बर्फ तुमच्या दारात ढकलून पुढे जातो. तुम्ही नुकतेच तासभर खपून दार मोकळं करून आत आलेले असता. मग खिडकीत उभं राहून त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, हीच इथली रीत. व्हर्लिन मात्र ट्रक थांबवायचा, खाली उतरायचा आणि प्रत्येक दारातला ढीग फावड्याने उपसायचा. एल्क हॉलो हे चार रस्त्यांचं गाव, पण त्याला दुपार व्हायची. वरच्या साहेबाने तंबी दिली तेव्हा याने साहेबाची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी साहेबाच्या दारातलाही बर्फ काढून आला. दाराला खांदा लागला तर दाराला "माफ करा हं" म्हणणारा माणूस मी हा एकच पाहिला.

मी या गावात त्रेचाळीस वर्षं काढली. चीजच्या कारखान्यात दूध तपासण्यात हयात गेली. काय नासलंय आणि काय नासणार आहे, हे मला वासावरून कळतं. व्हर्लिन नासणाऱ्यातला नव्हता. तेच तर दुखणं होतं.

तर गुरुवार. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता लुथरन चर्चच्या तळघरात आम्ही पाच जण टेबलाभोवती बसून खेळतो. पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी काय केलं ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस तोंडांचा फासा ठरवतो. गोष्ट सांगायची आर्डिस. शाळेच्या ग्रंथालयात जन्म गेला तिचा; आवाज न चढवता माणसाला गप्प करते. लव्हॉन झाली होती एकाक्ष योद्धी ब्रूना, मर्ल झाला होता कुऱ्हाडवाला बुटका आणि मी चेटकीण. व्हर्लिन होता राजपुत्र एल्डमार: रुपेरी चिलखत, पांढरा घोडा, तोंडात कधी खोटं नाही. पंचवीस वर्षं हाच एल्डमार.

व्हर्लिनची बायको मार्लिस या सगळ्याच्या दोन वर्षं आधी गेली. तेव्हापासून तो गुरुवारी एक वाजताच येऊन खुर्च्या मांडायचा. पाच खुर्च्या मांडायला तास लागत नाही, हे मीही जाणते. एकदा मी त्याला विचारलं, "बाकीचे सहा दिवस काय करतोस रे?" तर म्हणाला, "गुरुवारची वाट बघतो." अगदी सहज म्हणाला, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

मग एका जानेवारीत मर्लने बाँब टाकला.

"पुढल्या गुरुवारपासून मी नाही," तो म्हणाला. "माजी सैनिकांच्या हॉलात पत्त्यांचा डाव असतो. तिथे निदान कोणीतरी हरतं."

"म्हणजे काय?" आर्डिस.

"म्हणजे हा आपला राजपुत्र! ड्रॅगन आला तर हा त्याच्याशी बोलत बसतो. परवा त्या ड्रॅगनला दुसरी गुहा शोधून दिली, सामान हलवायला मदत केली. माझी कुऱ्हाड अकरा वर्षं कोणाला लागलेली नाही, आर्डिस. गंजली ती."

"खरं आहे," लव्हॉन घरून आणलेल्या वड्यांच्या डब्याचं झाकण काढत म्हणाली. "माझी ब्रूना तर आता विणकाम शिकली."

व्हर्लिन कानापर्यंत लाल झाला. "माफ करा हं," म्हणाला. "मला वाटलं ड्रॅगनला सोयीचं होईल."

आता पेच असा, की पास्टरच्या नियमाप्रमाणे तळघराची किल्ली पाच जणांच्या मंडळालाच मिळते. चार झाले की खोली जाणार गोधड्या शिवणाऱ्या बायकांकडे. त्या बायका तीन वर्षं आमच्या गुरुवारवर डोळा ठेवून होत्या, त्यांची पुढारीण जिन्यात भेटली की "तब्येती कशा आहेत सगळ्यांच्या?" असं आशेने विचारायची. मर्ल गेला की खेळ संपला, आणि खेळ संपला की व्हर्लिनचा आठवड्यातला एकुलता एक दिवस संपला. हे त्याला कळलं, कारण त्याने हातातला फासा अगदी हळू खाली ठेवला.

आर्डिसने चष्मा काढला. "मर्ल, राखेच्या बुधवारापर्यंत थांब, चर्चचे उपास लागेपर्यंत. तीन गुरुवार. आणि व्हर्लिन, तुझा एल्डमार आता बिघडणार."

"बिघडणार म्हणजे?"

"खलनायक होणार. थोर राजपुत्र वाईट मार्गाला लागला की गोष्टीत जीव येतो. आम्हाला कोणीतरी शत्रू दे, बाबा."

"पण त्याला वाईट वाटेल ना," व्हर्लिन म्हणाला.

"कोणाला?"

"एल्डमारला."

"तो खरा नाहीये, व्हर्लिन."

"हो, माहीत आहे मला. पण तरी."

पहिल्या गुरुवारी ठरलं, की एल्डमारने एक गाव जाळायचं. व्हर्लिन घरून कागदावर तयारी करून आला होता. गाव जाळण्याआधी त्याने तीन दिवस दवंडी पिटली. म्हातारी माणसं गाडीने हलवली, गाईंची सोय केली, वारा कुठून वाहतोय ते पाहिलं, शेजारच्या गावाला पाण्याच्या बादल्या भरून ठेवायला सांगितलं. मग मोकळं गाव जाळलं आणि गावकऱ्यांना दगडी घरं बांधून दिली. गावकऱ्यांनी त्याचा पुतळा उभारला.

"हा खलनायक आहे की बांधकाम खातं?" मर्लने टेबलावर कपाळ टेकलं.

दुसऱ्या गुरुवारी बापाचा खून. म्हाताऱ्या राजाला विष घालायचं आणि गादी बळकवायची, एवढंच काम. आर्डिसने पेला राजाच्या हातात नेऊन ठेवला होता. फासा टाकला तर वीस पडले, म्हणजे याहून चांगलं दान नाही.

"बोल," आर्डिस म्हणाली. "तू खोलीत शिरलास."

"मी विचारतो, बाबा, गुडघा कसा आहे?"

"व्हर्लिन!"

"अगं, थंडीचे दिवस आहेत. बरं, बरं. मी म्हणतो, बाबा, ते पिऊ नका, जरासं उतरलंय ते."

राजाने पोराला पोटाशी धरलं, स्वखुशीने गादी दिली आणि वर आशीर्वाद. लव्हॉन इतकी हसली की तिला खोकला लागला. मर्ल हसला नाही. त्याने कोट घातला आणि जिन्यावरून म्हणाला, "एकच उरला हां." जिन्यात गोधडीवाली उभीच होती, हातात माप घ्यायची पट्टी घेऊन.

त्या शनिवारी मी व्हर्लिनला घरी बोलावलं. आता शिकवणीच घ्यायची ठरवली. कॉफी पुढे ठेवली आणि सरळ विचारलं, "तुझं कधी कोणी वाकडं केलं नाही? आठव. कोणाचा राग आला असेल की."

कॉफीची अख्खी किटली संपेपर्यंत त्याने विचार केला. "एकोणऐंशी साली एकाने माझ्या जागेवर गाडी लावली होती," तो म्हणाला. "पण त्याचा पाय मोडला होता ना."

"बरं, राग जाऊ दे. हाव? कधी काही हवंसं वाटलं? दुसऱ्याला मिळू नये आणि मलाच मिळावं, असं?"

"छे, मला काय हवंय. सगळं आहे."

"नक्की?"

"नाही नाही, खरंच काही नाही," म्हणाला, पण बशीकडे बघत.

इथली माणसं दोनदा नको म्हणतात, आणि तिसऱ्यांदा विचारलं की खरं काय ते सांगतात. चाळीस वर्षं राहून मला हे माहीत होतं. पण मला कुठे धीर. मी तिसऱ्यांदा विचारलंच नाही. "तुझ्याच्याने काही होणार नाही," असं म्हणून त्याला लोणच्याची बाटली देऊन घालवला. जाताना त्याने पायपुसण्याची माफी मागितली.

तिसरा गुरुवार. बाहेर उणे वीस, आत बॉयलर घुरघुरतोय. खुर्च्या मांडलेल्या. लव्हॉनच्या लिंबाच्या वड्यांचं ताट नेहमीसारखं मधोमध. या वड्यांबद्दल सांगायला हवं. तळाला लोण्याची खुसखुशीत चकती, वर लिंबाचा आंबटगोड थर आणि त्यावर पिठीसाखरेचा बर्फ. आंब्याची वडी विसरावी अशी वस्तू, आणि मी कोकणातली आहे. पण इथे शेवटची वडी कोणी खात नाही. खायची नाहीच. कोणीतरी ती अर्धी कापतं, मग दुसरं त्या अर्ध्याचं अर्धं करतं, असं होत होत ताटात नखाएवढा तुकडा राहतो आणि लव्हॉन तो घरी नेऊन पाखरांना घालते. पंचवीस वर्षांत हा नेम चुकला नाही. मीसुद्धा पाळते, आणि मी कोणाचं ऐकणारी बाई नाही.

आर्डिसने शेवटचा डाव मांडला. ब्रूना जखमी होऊन पडली आहे, प्राण कंठाशी. जगात अमृताची एकच कुपी उरली आहे आणि ती एल्डमारच्या हातात आहे. "तो काय करतो?" एवढंच तिने विचारलं. तिच्या आवाजात आशा नव्हती. मर्लने कोटाची बाही शोधायला घेतली होती. लव्हॉन म्हणाली, "आण बाबा ती कुपी, मला चारला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

ताटात एक वडी राहिली होती. अख्खी. कापाकापी अजून कोणी सुरू केली नव्हती.

व्हर्लिन त्या वडीकडे बघत होता. कपाळावर घाम. उणे वीसात घाम! मग त्याने हात पुढे केला. मला वाटलं, सुरी उचलतोय. त्याने वडी उचलली. ना विचारलं, ना "कोणाला हवी आहे का" म्हणाला. दोन घासात खाल्ली, आणि मग, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, बोटाला लागलेली साखरसुद्धा चाटली.

"एल्डमार अमृत पितो," तो म्हणाला. "सगळं."



"व्हर्लिन," लव्हॉन कशीबशी म्हणाली.

"महाराज म्हण," व्हर्लिन म्हणाला.

आवाज थरथरत होता, पण म्हणाला.

"महाराज?" लव्हॉन उठून उभी राहिली, खुर्ची मागे आपटली. "अरे, पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं मी या वड्या करते, आणि मी! मी स्वतः! आजवर शेवटची खाल्लेली नाही! तुला काय वाटतं, मला नको होती?"

"एल्डमार तिच्या अंगावरून पलीकडे जातो," व्हर्लिन डोळे मिटून म्हणाला, "आणि... आणि जरा सरका, असंही म्हणत नाही."

"दार!" मर्ल ओरडला. कोट जमिनीवर पडला होता. "दार अडवतो मी! आर्डिस, माझी कुऱ्हाड! कुठे जातोस, चोरा?"

"चोर कोणाला म्हणतोस? राजा आहे मी."

"ब्रूना मरत नाही," लव्हॉनने फासा असा फेकला की तो टेबलावरून उडून माझ्या मांडीत पडला. एकोणीस. "मरत नाही म्हणजे नाही! रांगत येईन, पण तुझं नरडं धरीन!"

आर्डिसने चष्मा लावला आणि पानं उलटायला घेतली. तिचे हात लगबगत होते. साडेपाचला पास्टर दिवे घालवायला आला तेव्हा मर्ल टेबलाखाली होता, कारण बुटके भुयारातून येतात. दाताचा डॉक्टर लव्हॉनची वाट बघून घरी गेला असेल. जिन्यात गोधडीवाली भेटली. "तब्येती?" तिने विचारलं. "उत्तम," मी म्हटलं. "खून चढलाय सगळ्यांवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लिन माझ्या दारात. हातात लिफाफा, आत फुलांचं कार्ड, बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी भरलेलं. रात्रभर झोपला नव्हता, तोंड एवढंसं झालेलं.

"लव्हॉनला देशील? मला तिच्यापुढे उभं राहवत नाही."

"माफीचं आहे?"

"बाराशे शब्द आहेत. जास्त झालेत का?"

मी लिफाफा घेतला आणि जिऱ्याच्या डब्यामागे टाकला. "हे बघ, मर्लने काल पत्त्यांच्या डावाला कळवलं, की येणार नाही. लव्हॉन तुला कसं मारायचं याची यादी करत बसलीय. मला सकाळपासून दोनदा फोन आला. तू माफी मागितलीस की ती लगेच 'जाऊ दे रे' म्हणणार, आणि सगळ्यावर पाणी. मग त्या खोलीत गोधड्या. समजलं?"

तो उंबऱ्यावर उभा राहिला. ज्या माणसाने दाराचीही माफी मागितली, त्याला मी सांगत होते की ही एक माफी पोटात ठेव.

"कधीपर्यंत?" त्याने विचारलं.

"एल्डमार मरेपर्यंत."

"तो फार धट्टाकट्टा आहे गं," तो रडवेला होऊन म्हणाला. "आता अमृतही प्यायलाय."

"मग बस भोगत."

त्याला पाच वर्षं झाली. एल्डमारने काळा बुरूज बांधलाय, तीन राज्यं गिळलीत, ड्रॅगनला गुहेतून हाकलून दिलंय. दर गुरुवारी व्हर्लिन शेवटची वडी उचलतो, दर गुरुवारी लव्हॉन त्याला अशा शिव्या देते की वरच्या मजल्यावर पास्टर पियानो वाजवायला लागतो, आणि दर शुक्रवारी माझ्या जिऱ्याच्या डब्यामागे एक लिफाफा वाढतो. जिरं आता दुसरीकडे ठेवलंय.

हिवाळ्यात लव्हॉनच्या दारातला बर्फ पहाटेच कोणीतरी काढून जातं. कोण, ते ती विचारत नाही. फक्त एकदा मला म्हणाली, "त्या नराधमाला सांग, फावड्याने माझी गुलाबाची झुडपं खरवडली."

मी सांगितलं. तेव्हा त्याने झुडपांची माफी मागितली. एवढी सूट मी दिली.

आणि हल्ली मी बघते, लव्हॉन वड्या कापते तेव्हा कोपऱ्यातली एक बाकीच्यांपेक्षा दुप्पट ठेवते. गेल्या गुरुवारी मर्लचा हात चुकून तिच्याकडे गेला, तर तिने सुरीने त्याच्या बोटांवर टिचकी मारली.

"ती महाराजांची," ती म्हणाली.