जावेचे टाके

आमच्या थोरलीला दुसऱ्याने घातलेली शिवण कधी सरळ दिसलेली नाही. कुणी नवा कपडा घालून दारात उभा राहिला, की "या, बसा" म्हणायच्या आधी ही त्याची कड उलटी करून बघणार. मग "कुणी शिवलं?" असं अशा सुरात विचारणार, की त्या शिंप्याने ऐकलं असतं तर दुकानच बंद केलं असतं. परदेशात जाऊन इतकी वर्षं झाली तरी खोड गेली नाही. उलट तिच्यावरच पोट चालतं. एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत बसून ती लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलते, कोटांना अस्तरं लावते. तिथली भाषा तिला पँटीपुरती येते. 'आखूड', 'सैल' आणि 'गुरुवारी मिळेल'. एवढ्यावर जन्म निघेल अशी तिची खात्री होती. मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे दिराची बायको. वर्षही झालं नाही, तर तिथली भाषा अशी बोलायला लागली की शेजारीपाजारी घरातले बाकीचे मुके आहेत असं समजू लागले. बरं, बाई स्वभावाने गोड. कुणाला वाकडं बोलणार नाही, वहिनींना विचारल्याशिवाय भांडं हलवणार नाही. अशा बाईचा राग करायचा म्हणजे फार कष्ट पडतात. पण आमची थोरली मुळातच कष्टाळू.

खरं ठसठसत होतं ते निराळंच. थोरलीची आठ वर्षांची मुलगी, जिभेमुळे जिला सगळे मिरची म्हणतात, ती दिवसभर काकूच्या पदराला. दोन्ही भाऊ एकाच घरात राहतात, त्यामुळे आईला हे उठता-बसता बघावं लागे. शाळेत पडली तरी सांगणार काकूला, आणि रडणारही काकूपाशीच.

त्या रविवारी सगळे म्युझियमला निघाले. दीर कामावर होता, म्हणून चौघंच. तिथे मुलांसाठी बाहुल्या शिवायचा वर्ग होता आणि एका मुलाबरोबर एकच मोठं माणूस आत जाणार होतं. थोरलीने आठवडाभर ही बातमी गुळाच्या खड्यासारखी तोंडात धरली होती. नवऱ्याला म्हणालीसुद्धा, "अहो, शिवायचं आहे म्हणजे मीच ना?" नवरा "हो हो" म्हणाला. तो सगळ्यालाच "हो हो" म्हणतो.

वर्गाच्या दाराशी तिथल्या बाईंनी विचारलं, आत कोण येणार? मिरचीने सरळ काकूचा हात धरला.

"अगं, आईला ने," धाकटी म्हणाली.

"नको. आईला बाई काय सांगतात ते कळत नाही. मग मलाच सगळं सांगत बसावं लागतं."

"जा गं तूच," थोरली हसून म्हणाली. त्या हसण्याने दूध नासलं असतं.

"वहिनी, खरंच जाऊ?"

"जा म्हटलं ना! मला काय, सुई नवीन आहे?"

दार लागलं. नवरा "बूट चावतायत" म्हणून बाकावर टेकला आणि लगेच पेंगायला लागला. थोरली एकटीच दालनातून फिरू लागली. मडकी पाहिली, म्हणे, फुटकी. मुकुट पाहिला; म्हणे, हलका. एका चित्रातल्या राणीकडे तर तिने असं बघितलं, जशी काही ती धाकटीची मावसबहीणच.

पुढे कुठल्याशा सेनापतीचा लांब कोट उभा केलेला होता. काच नाही, नुसती दोरी. थोरली वाकली, हात गेला, आणि तिने कोटाची कड उलटी केली.

भोंगा असा कोकलला, की बाकावरचा नवरा ताडकन उठून "आलो आलो!" म्हणाला. गार्ड धावत आला आणि काय काय विचारू लागला. थोरलीने सगळी विद्या पणाला लावली. कोटाकडे बोट दाखवून म्हणाली, "सैल. आखूड. गुरुवारी मिळेल."

गार्डने वॉकीटॉकी काढला.

मग नवरा पळत जाऊन वर्गातून धाकटीला घेऊन आला. तिने दोन वाक्यांत गार्डला लोण्यासारखा मऊ केला. पण साहेब येऊन कोट तपासेपर्यंत कुणीतरी थांबणं भाग होतं. "वहिनी, मी थांबते," धाकटी म्हणाली. "मिरची आत एकटी आहे, तुम्ही जा." शेवटी नवऱ्यालाही तिथेच तारण ठेवून थोरली वर्गाकडे निघाली. ती चालत गेली असं ती सांगते. नवरा सांगतो, धावत.

आता यावर घरात तीन मतं आहेत. थोरली म्हणते, सवयीने हात गेला. धाकटी म्हणते, बिचाऱ्या वहिनी किती घाबरल्या होत्या. नवरा म्हणतो, डुलकीतून एक डोळा उघडला तेव्हा कोटापाशी उभी राहून ही आधी डावीकडे बघत होती, मग उजवीकडे. मी तिघांच्याही हातचा चहा पितो, त्यामुळे मला मत नाही.

आत मिरची अर्ध्या बाहुलीपुढे बसली होती. दोन्ही बाह्या जोडून झाल्या होत्या.

"काकू कुठाय?"

"येईल. दे इकडे."

वर्गाच्या बाई येऊन काहीतरी म्हणाल्या. थोरलीने मान डोलावली, बाहुली उलटी केली आणि सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायला लागली.

"आई! हे काकूने शिवलंय."

"दिसतंय."

"चांगलं होतं की गं!"

थोरलीने बाही खिडकीकडे धरून नीट पाहिली.

"हो," ती म्हणाली, "चांगलंच होतं."

आणि दुसरी बाही उसवायला घेतली.