ग्रानादाच्या चौकात आई

अमेरिकेत आमच्या वेस्ट विंडसरमध्ये कोणी युरोपला निघालं की ओळखीचे लोक दोन गोष्टी विचारतात: व्हिसा झाला का, आणि राइस कुकर कुठल्या बॅगेत ठेवला. आमचा कुकर आईच्या बॅगेत होता, साड्यांच्या मधोमध.

मला नुकतीच सिटिझनशिप मिळाली होती. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आई नोव्हेंबरपासून आमच्याकडे होती. सहलीहून परतलो की तिच्या ग्रीन कार्डचे कागद भरायचे, म्हणजे ती कायमची आमच्याकडेच राहील, असं मी ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं होतं. ती "बघू" म्हणाली होती. मी तो होकार धरला.

ग्रानादा दक्षिण स्पेनमध्ये. मागे बर्फाचे डोंगर, टेकडीवर जुन्या मुसलमान राजांचा लाल किल्ला, खाली अरुंद गल्ल्या. किल्ल्यातली नक्षी बघायची हौस माझ्या बायकोची. आईने सगळे महाल मुकाट्याने पाहिले. जाळीदार कोरलेल्या एका भिंतीसमोर मात्र बराच वेळ उभी राहिली.

"ह्यातली धूळ काढायची म्हणजे जीव जाईल," ती म्हणाली. आम्ही तिथे तिचा फोटो काढला.

संध्याकाळी हॉटेलवर आईने तांदूळ धुतले. कुकर अमेरिकेतला आणि दोन गोल पिनांचा अ‍ॅडॅप्टर आईने नागपूरहून आणलेला. तो स्पेनच्या भिंतीत इतका चपखल बसला की मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अमेरिकेत वीज एकशेदहा व्होल्टची असते आणि स्पेनमध्ये आपल्यासारखी दुप्पट, हे कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. आम्हा तिघांत एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता. तो मी. फट्ट आवाज झाला, जळका वास सुटला आणि खोलीतले दिवे गेले.

"तांदूळ भिजलेत," आई अंधारात म्हणाली.

"आई, आज स्वयंपाक कॅन्सल करा," बायको म्हणाली. "बाहेरच खाऊ या."

चौकात एक टेबल मिळालं. आईने संत्र्याचा ज्यूस मागितला. त्याबरोबर वेटरने वांग्याचे तळलेले काप आणले, वर काकवीसारखं काहीतरी घातलेलं. आम्ही हे ऑर्डर केलं नव्हतं, म्हणून मी ते परत पाठवलं. त्याने पुन्हा आणलं. मी पुन्हा पाठवलं. मग त्याने माझ्याकडे न बघता बशी थेट आईसमोर ठेवली. ह्या गावात पेयाबरोबर खाणं फुकट येतं, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाने खुणांनी समजावलं. तोवर आईने दोन काप संपवले होते.

खाता खाता ती चौकाकडे बघत होती. तिच्या वयाच्या बायका केस नीट बसवून, एकमेकींच्या हातात हात अडकवून फिरत होत्या. मध्येच थांबायच्या, तिसरी कोणी भेटायची, मग तिघी बोलत उभ्या राहायच्या.

"ह्या कुठे चालल्यात?" आईने विचारलं.

"कुठेच नाही. फिरतायत."

आईने रुमालाला हात पुसले. "माझं तिकीट काढ," ती म्हणाली. "मे महिन्याचं. मी नागपूरलाच राहीन."

"अगं, तिथे एकटी?"

"एकटी कशाने? अख्खी कॉलनी आहे."

"मग ग्रीन कार्डचं काय?"

"तुम्ही दोघं सकाळी गाड्या काढून जाता. मी पोळ्या करते आणि खिडकीत बसते. इतक्या महिन्यांत त्या रस्त्यावरून माणूस म्हणून चालत गेला नाही. पोस्टमनसुद्धा गाडीतूनच हात बाहेर काढतो. ते कार्ड घेऊन मी चालत कुठे जाऊ?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी तिला सांभाळतोय असं मी सगळ्यांना सांगत होतो आणि सगळे मला शाबासकी देत होते. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने आईसाठी आणखी एक ज्यूस मागवला.

मेमध्ये आई गेली. आता दर रविवारी मी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून नागपूरला फोन लावतो आणि बहुतेक वेळा तो नुसता वाजत राहतो. आई घरी नाही, असं मी बायकोला सांगतो.

"छान," ती म्हणते.

छान आहेच. मी थोड्या वेळाने पुन्हा लावून बघतो.