आबांच्या खाटेपाशी बेल
सांगलीची नोकरी सोडून कोरेगावला घर बांधायला काढलं. विटांच्या भिंती उभ्या राहिल्यावर वायरमननं त्यांवर खडूनं रेघा मारल्या आणि विचारलं, कुठं कुठं वायर टाकायची ते आत्ताच सांगा, गिलावा झाल्यावर भिंत फोडायला लावू नका. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, लाइट-पंखे सोडून सगळं वायरलेस. इंटरनेट, कॅमेरे, बेल, सगळं. आता वायरी कोण घालत बसतंय?

आबा, म्हणजे माझे वडील, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होते. उमेदीची सगळी वर्षं फौजेत टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेलेली आणि आता उजवी बाजू लुळी. अख्ख्या घरात त्यांनी एकच गोष्ट मागितली, आपल्या खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत वायरची बेल. बिनतारी यंत्र ऐन वेळी दगा देतं, असं त्यांचं म्हणणं. मी वायरमनसमोरच म्हणालो की आबा, लढाई संपली, आता गप बसा. वायरमन हसला. आबा गप बसले.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. आबा सुट्टीवर यायचे तेव्हा मला शिट्टी मारून बोलवायचे. दुसऱ्या शिट्टीच्या आत समोर उभा राहिलो नाही, की पट्टा. वर्षातले दोन महिने मी घरात पळतच असायचो. या माणसाच्या हातात पुन्हा शिट्टी द्यायची, आणि तीही भिंतीत कायमची बसवून? हट! वायरलेस बेलची वाजणारी डबी स्वयंपाकघरातल्या सॉकेटला असते. डबी उपसली की विषय संपला. मला तेच हवं होतं.

आणि मी ते केलंही. नव्या घरात राहायला आल्यावर एका दुपारी सांगलीचे जुने सोबती जेवायला आले. ताटं वाढेपर्यंत बेल तीनदा वाजली. मी उठलो, डबी उपसून फ्रिजवर ठेवली आणि रस्सा वाढून घेतला. आबांच्या हातातलं बटण दाबलं की त्याचा लाल दिवा लागतच होता. आत काही वाजत नाही हे त्यांना कुठनं कळायला, असं मला वाटलं. गप्पा लय रंगल्या. दोन तास गेले.

पाहुणे गेल्यावर मी खोलीत गेलो. आबा ओल्या चादरीवर पडले होते आणि डाव्या अंगठ्यानं बटण दाबत होते. माझ्याकडं न बघता, एकेक शब्द ओढत म्हणाले, "वायर असती तर तुला ती तोडाय लागली असती. तुटल्याली दिसली तरी असती मला."

लाज वाटली. चादर बदलताना त्यांच्या तोंडाकडं बघवेना. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावलं, कोरा गिलावा फोडला आणि वायर टाकून घेतली. बटण आबांच्या डाव्या हाताशी बसवलं.

आबांनी ते एकदाही दाबलं नाही. ओले पडून राहायचे, घसा कोरडा पडायचा, पण अंगठा बटणाकडं जायचा नाही. काय म्हातारा! पट्ट्याला हात न लावता त्यानं मला शेवटपर्यंत मारलं. स्वयंपाकघरात बेल गप असायची आणि मला बसवायचं नाही. मग मीच दर अर्ध्या तासाला हातातलं काम टाकून पळत जायचो आणि न बोलावता त्यांच्यासमोर उभा राहायचो.