गाडीचे पाय

वरवंडला हायवेच्या कडेला एका मिस्त्रींचं टायरचं दुकान होतं, पण टायरला ते टायर कधी म्हणत नसत. गाडी थांबली की विचारायचे, "काय मालक, पाय दुखत्यात का?"

लिलावात घेतलेला माझा जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक ऊस वाहायचा, अर्धा दिवस रानात, अर्धा डांबरावर. मी सगळ्यात खोल नक्षीच्या टायरकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. "त्यो चिखलात वाघ हाय, पर डांबरावर साबणावानी झिजंल. आधी रान दावा."

रानात आल्यावर ते चप्पल काढून ओल्या काळ्या मातीत चालले. बोटांच्या बेचक्यातला चिखल किती लवकर गळतो, ते बघत उभे राहिले. मग मध्यम नक्षीचे, रुंद फटींचे टायर त्यांनी स्वतः बसवले.

पहिली भरलेली खेप रस्त्याकडे निघाली. उतार निसरडा होता. ते अनवाणी ट्रकच्या पुढं झाले. "माझ्या पावलावर चाक घाला," म्हणाले आणि चालू लागले. मागं उसाचा डोंगर, आणि या माणसानं एकदाही मान वळवली नाही. मी त्यांच्या पावलांवर चाक धरत गाडी हळूहळू उतरवली.

खाली डांबराला लागल्यावर मी विचारलं, "भीती नाही वाटली? एकदा तरी मागं बघायचं!"

ते पायाचा चिखल गवताला पुसत होते.

"म्या वळून बघितलं असतं, तर तुम्ही घाबरून ब्रेक मारला असता. मग गाडी घसरून माझ्याच अंगावर आली असती."