बधिरपणा उतरायच्या आत

धुळ्याहून कुत्रीचं ऑपरेशन करून रिक्षातून घरी आणलं, तर बाई चक्क शेपटी हलवत उतरल्या. दरवर्षी आमच्या ट्रॉलीखाली व्यायची आणि निम्मी पिल्लं रस्त्यावर चिरडली जायची, म्हणून मीच हट्टाला पेटले होते. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. टाक्यांच्या जागी बधिर करायचं इंजेक्शन दिलंय, संध्याकाळपर्यंत तिला काही कळणार नाही, ती उड्या मारायला बघेल, मारू देऊ नका. आणि गोळी बधिरपणा उतरायच्या आत पोटात गेली पाहिजे, दुखायला लागल्यावर नाही.

सासूबाईंना काही पटेना. शेपटी हलवणारं जनावर आजारी कसं? पण नातवंडं दार उघडतील आणि ही बाहेर धूम ठोकेल, एवढं त्यांना कळलं. जागा त्यांनीच सुचवली, कापसाची खोली. भाव चढेल या आशेवर दिवाळीपासून आमची एक खोली कापसाने छताला टेकलेली असते. मऊ गादीच की, म्हणाल्या. मीही अक्कल गहाण ठेवून कुत्रीला घेऊन आत बसले. त्यांनी बाहेरून कडी घातली आणि पोरांना घेऊन शेजारच्या हळदीला निघून गेल्या.

कापसात बसणं म्हणजे काय ते बसणाऱ्यालाच ठाऊक. थोड्याच वेळात मानेपासून पोटऱ्यांपर्यंत खाज सुटली. टाक्यांना तंतू चिकटू नयेत म्हणून कुत्रीला ओढणीवर घेतलं, तर मेली ढिगावर चढायला बघे. शेवटी मांडीत दाबून धरली. खिडकी कापसामागे गडप झालेली, नाकात धूळ. आणि तेव्हा आठवलं की गोळी ओट्यावर आहे आणि फोन तिथेच चार्जिंगला.

हाका मारल्या. शेजारी डीजे लागलेला, कोण ऐकतंय. संध्याकाळ झाली तशी कुत्रीची धडपड थांबली. आधी पोट आखडलं, मग मागचे पाय थरथरायला लागले. ती पोटाशी तोंड नेऊन कण्हायची आणि माझ्याकडे बघायची.

कुटुंब नियोजनाच्या शिबिरात माझं ऑपरेशन झालं, तेव्हा सुई टोचल्या टोचल्या त्यांनी सुरुवात केली होती. जागा बधिर झाली का, कुणी विचारलं नाही. मी दात आवळून पडून राहिले. घरी आल्यावर सगळ्यांनी कौतुक केलं, किती गुणाची सून, हूं की चूं नाही.

आता मात्र मी एका हाताने कुत्रीला धरून दारावर लाथा घातल्या, घसा फाटेस्तोवर ओरडले. दोन गाण्यांच्या मध्ये डीजे थांबला, तेव्हा कुठे आवाज पोचला. कडी निघाली. गालाला हळद लावलेल्या सासूबाई दारात उभ्या.

"तुना आपरेशनले तू तं रडनी बी नही," त्या म्हणाल्या.

"दुखत होतं, आई. तेव्हाही दुखतच होतं."

ओट्यावरची गोळी आणा, म्हटलं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन पोळीच्या तुकड्यात गोळी दडवून आणली. कुत्रीने कण्हत कण्हत ती गिळली. गोळी लागू पडायला वेळ होता. डीजे परत सुरू झाला, पण सासूबाई हळदीला गेल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या आणि कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मना आपरेशनले माले बी दुखनं व्हतं."