रहाडीच्या रंगाचा पेन

निवृत्ती माझा लहानपणापासूनचा शेजारी, म्हणून त्याला नावं ठेवायचा हक्क मी माझ्याकडे राखून ठेवला आहे. अंबडच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, गोदाघाटावर फिरायला जातात. हा पेन बनवायला लागला. मधासारखं दाट रेझिन घ्यायचं, त्यात हार्डनर आणि रंग कालवायचा, साच्यात ओतायचं, आणि घट्ट झालेली कांडी बाल्कनीतल्या छोट्या लेथवर कातून तिचा पेन करायचा. साचे म्हणून त्याने बायकोचे, म्हणजे संध्यावहिनींचे, कुल्फीचे साचे पळवले. एकदा माझ्या मेव्हण्याने त्यातली गुलाबी कुल्फी मोठ्या प्रेमाने चावली आणि दाताच्या डॉक्टरकडे गेला. तेव्हापासून त्या घरात कुल्फी कोणी मागत नाही.

हौसेला मोल नसतं हे खरं, पण निवृत्तीच्या हौसेला एक दुखरी जागा होती. ती म्हणजे त्याची मुलगी सृष्टी. तिला त्याने दिलेली एकही वस्तू तिने कधी वापरली नाही. घड्याळ दिलं, ते तिच्या मनगटावर बांगडीसारखं फिरायचं. छत्री दिली, ती उघडायला दोन माणसं लागायची. ती दर वेळी "छान आहे बाबा" म्हणायची आणि वस्तू कपाटात जायची. ते कपाट त्याला चांगलंच ठाऊक होतं.

यंदा सृष्टी न्यायाधीशाची परीक्षा पास झाली. रंगपंचमीनंतर लगेच परभणीला रुजू व्हायचं होतं. निवृत्तीने गल्लीत जाहीर करून टाकलं, "पहिल्या निकालावर सही माझ्या पेनने होणार. आणि पेन आपल्या रहाडीच्या रंगाचा!"

रहाड म्हणजे चौकाच्या पोटातला दगडी हौद. वर्षभर तो झाकलेला असतो आणि त्याच्यावरून रिक्षा धावतात. रंगपंचमीला तो उघडतात, फुलं उकळून केलेला रंग त्यात भरतात, आणि लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे धाडकन उडी. जुन्या नाशकात ज्या त्या रहाडीचा रंग ठरलेला. आमचा पिवळा, आणि अंगाला लागला की आठवडाभर साबणाला दाद देत नाही. निवृत्तीने एकही रंगपंचमी चुकवली नाही. लहानपणी सृष्टी दर वर्षी "मी पण" म्हणून हट्ट धरायची. हा तिच्या हातात टॉवेल द्यायचा आणि म्हणायचा, "पोरींचं काम नाही ते." ती बिचारी टॉवेल सांभाळत काठावर उभी राहायची. मला तेव्हाही त्याचा राग यायचा, आजही येतो.

मेन रोडजवळच्या क्राफ्टच्या दुकानात त्याने स्नेहा नावाच्या काउंटरवरच्या मुलीचा जीव खाल्ला. रेझिनमध्ये घालायच्या पिवळ्या रंगांच्या तिच्याकडे होत्या तेवढ्या डब्या त्याने उघडायला लावल्या.

"हा लिंबाचा झाला. हा स्कूलबसचा. आणि हा तर काविळीचा आहे गं!"

"काका, मग तुम्हाला पाहिजे कोणता?"

"आमच्या रहाडीचा. थांब, मीच घेऊन येतो बाटलीत."

"पाणी चालणार नाही हं काका. रेझिनमध्ये थेंबभर पाणी गेलं तरी बिघडतं. रंग कोरडाच पाहिजे."

पालथ्या घड्यावर पाणी. "जो रंग माणसाच्या कातडीवरून निघत नाही," निवृत्ती मला म्हणाला, "तो रेझिनला काय ऐकणार?"

रंगपंचमीला तो बाटली घेऊन रहाडीवर गेला. मी सोबत होतो. तो वाकून बाटली भरतोय तोच गर्दीतून पांढरा ड्रेस, पांढरी ओढणी घातलेली सृष्टी पुढे आली. तिने मोबाईल आणि टॉवेल बापाच्या हातात कोंबले, आणि "बाबा, धरा जरा" म्हणून असा धप्पा मारला की पिवळं पाणी माझ्या चष्म्यापर्यंत उडालं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. निवृत्ती टॉवेल धरून काठावर उभा. एका हातात बाटली, तोंड उघडं. त्या दिवशी त्याने स्वतः धप्पा मारलाच नाही.

घरी येऊन त्याने बाटलीतला रंग रेझिनमध्ये ओतला. व्हायचं तेच झालं. मिश्रण ताकासारखं पांढुरकं झालं आणि दोन दिवस वाट पाहिली तरी घट्ट होईना. कुल्फीच्या साच्याला बोट लावलं की बोट तिथेच. वहिनींनी साचा सोडवायला उलथनं लावलं, तर उलथनंही चिकटलं. "अहो, आता मलाही चिकटवा त्याला, म्हणजे कामं सुटतील!" त्या म्हणाल्या. निवृत्ती हसला नाही. सृष्टीची बॅग भरून होत आली होती आणि ह्याच्या हातात डिंक होता. मला पहिल्यांदा त्याची कीव आली.

तो पुन्हा स्नेहाकडे गेला. तिने "सांगितलं होतं ना" असं म्हटलं नाही, हा तिचा मोठेपणा. मी असतो तर दोनदा म्हटलं असतं. ती म्हणाली, "काका, लोक वाळलेली फुलं घालतात, कापड घालतात. रंगवलेलं कापड पूर्ण वाळवून साध्या रेझिनमध्ये बुडवा."

आता यंदा रहाडीत बुडालेलं कापड त्याच्या घरात एकीचंच होतं. ते गच्चीवर वाळत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी गल्लीभर आवाज गेला. "आई! माझी ओढणी कोणी कापली?"

मी धावत गेलो, भांडण बघायला. सृष्टी ओढणी धरून उभी होती. एक पदर कात्रीने सरळ उडवलेला. तिचे कान, मान, नखं अजून पिवळीधमक.

"मी कापली," निवृत्ती म्हणाला.

"बाबा! मी ती जपून ठेवणार होते. माझा पहिला धप्पा होता तो!"

"माहितेय." तो ओढणीकडे बघत म्हणाला. "इतकी वर्षं मीच मारू दिला नाही." आणि त्याने खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरला. काचेसारख्या रेझिनमध्ये ओढणीचे पिवळे धागे, विणीसकट, स्पष्ट दिसत होते.

सृष्टीने पेन घेतला. उजेडात फिरवून पाहिला. "छान आहे बाबा" काही ती म्हणाली नाही. निवृत्तीचा जीव टांगणीला. मग ती बॅगेत पेनला जागा शोधायला लागली. एका कप्प्यात ठेवला, काढला, दुसऱ्यात ठेवला, पुन्हा काढला. शेवटी हातातच धरला आणि तसाच घेऊन गाडीत बसली.

परवा परभणीहून तिचा फोटो आला. काळा कोट, पांढरा बँड, समोर कागद, हातात पेन. निवृत्तीने मोबाईल माझ्या नाकाशी आणला आणि फोटो मोठा केला, आधी पेनवर, मग मुलीच्या कानावर.

"बघ नीट," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "कान आणि पेन. जुळला की नाही रंग?"